पानिपतला आणि पानिपताला

"याला येरवड्याला पाठवा रे कोणीतरी!" हे वाक्य ऐकून पुण्यात कोणी रिक्षाला हात करत नाही. बोलणाऱ्याने पत्ता सांगितलेलाच नसतो, समोरच्याबद्दलचं मत सांगितलेलं असतं. येरवडा तसा भलामोठा भाग. तुरुंगाची भिंत आहे, काचेच्या इमारती आहेत, वस्त्या आहेत, शाळा आहेत, नदीवरचा पूल आहे. त्या वाक्यात मात्र यातलं काहीच उरत नाही. उरतं फक्त मनोरुग्णालयाचं फाटक. गावाचं नाव असं गावापासून सुटतं आणि शब्द होऊन बसतं.

हेच वाक्य मुंबईत म्हणायचं तर गाव बदलावं लागतं. तिथे "ठाण्याला पाठवा" असतं. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. कोणत्या भागातला रुग्ण कुठे दाखल करायचा हे सरकारने ठरवलं आणि त्याच सीमांवरून टोमण्यांचाही नकाशा आखला गेला. बंगालीत हे आणखी स्पष्ट दिसतं. भाषा एक, पण कोलकात्याचा माणूस वेड्याला रांचीला पाठवतो आणि ढाक्याचा माणूस पाबन्याला. फाळणीनंतर रांची परदेशात गेली, पूर्व बंगालला स्वतःचं रुग्णालय उभारावं लागलं, ते पाबन्याजवळ झालं, आणि बोलीने निमूटपणे गाव बदललं. चेन्नईत किळपाक, हैदराबादेत एर्रगड्डा, कोळिकोडला कुदिरवट्टम, हिंदी पट्ट्यात आग्रा. पॅरिसकरांचं शारांतों, वॉर्साचं त्वोर्की, इस्तंबूलचं बाकिरक्यॉय. बैरूतजवळचं 'अस्फूरिय्ये' १९८२ साली बंद पडलं, तरी लेबनॉनमध्ये गोंधळ माजलेल्या घराला आजही तेच नाव देतात.

यात एक नियम दिसतो. नाव बोलणाऱ्याच्या गावापेक्षा लहान तरी हवं, नाहीतर लांबचं तरी. पुण्यात "पुण्याला पाठवा" म्हणून चालत नाही. शहराचा एक तुकडा तोडून त्याला नाव द्यावं लागतं.

फ्लेमिश लोकांचा टोमणा मला यात सगळ्यात अन्यायाचा वाटतो. "हा आता खेलसाठी पिकलाय" असं ते म्हणतात. खेल हे बेल्जियममधलं गाव. तिथे मध्ययुगापासून मनोरुग्णांना कोंडून न ठेवता गावकऱ्यांच्या घरात राहायला द्यायची रीत आहे. रुग्ण त्या घरात जेवतो, जमेल ते काम करतो, वर्षानुवर्षं राहतो. ज्या गावाने वेड्याला घरात घेतलं, त्याचंच नाव वेडाला चिकटलं. लंडनची गंमत निराळी. १२४७ साली तिथे बेथलेहेमच्या नावाने एक मठ स्थापन झाला, पुढे त्याचं वेड्यांचं रुग्णालय झालं, नाव झिजत झिजत 'बेडलम' झालं आणि त्याचा अर्थ झाला नुसता कल्लोळ. ख्रिस्ताच्या जन्मगावाची ही अशी वरात निघाली.

या सगळ्यांत आपल्या सगळ्यात जवळचा शब्द इंग्रजीतला आहे: 'डूलॅली'. म्हणजे डोकं फिरलेला. तो आला नाशिकजवळच्या देवळालीहून.

देवळालीत ब्रिटिशांनी १८६१ साली लष्करी छावणी वसवली. जागा निवडली ती हिशेबाने. मुंबईपासून रेल्वेने सुमारे १८० किलोमीटर, थळ घाटाच्या वर, म्हणजे किनाऱ्याच्या दमट उकाड्यातून सुटका आणि तरी बंदर हाताशी. विलायतेहून आलेले सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, इथे थांबून हवेला सरावायचे, आणि नोकरीची मुदत संपलेले इथेच परतीच्या जहाजाची वाट पाहायचे. सैन्याची जहाजं साधारण हिवाळ्यातच, नोव्हेंबर ते मार्च या काळात सुटत. ज्याची मुदत मार्चअखेरीस संपली, त्याचा सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा देवळालीत गेला. कवायत जवळपास नाही, लढाई नाही, हातात साठलेला पगार, दारू, हिवताप, आणि रोज उठून तोच माळ. माणसं विचित्र वागायला लागली. त्याला नाव पडलं 'डूलॅली टॅप'.

यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. मराठीत, हिंदीत, थोड्या फरकाने फारसीतही चालणारा. देवळालीचा ताप. आणि 'डोक्याला ताप' हा प्रयोग आपल्याकडे आधीपासून असल्यामुळे मराठी माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काहीच नाही. इंग्रजाला मात्र हा 'ताप' कळेना. त्याच्या भाषेत 'टॅप' म्हणजे टिचकी. मग कोणीतरी डोक्यात टिचकी मारल्यामुळे माणूस बिघडला, असा नवा अर्थ लोकांनी आपोआप बसवला. पुढे टिचकीही गळली. उरलं नुसतं 'डूलॅली', तेही विशेषण होऊन. आज इंग्लंडमधली आजी स्वतःच्या विसराळूपणाला हा शब्द वापरते, आणि त्यामागे महाराष्ट्रातलं एक स्टेशन आहे याची तिला कल्पना नसते.

उच्चार कसा झिजला तेही पाहण्यासारखं आहे. इंग्रजीत ळ नाही, त्याचा ल झाला. त्यांचा 'ड' दातांमागे लागत नाही, तेव्हा दचा ड झाला. आघात मधल्या अक्षरावर पडला, 'लॅ'वर. इंग्रजीत ज्या अक्षरावर आघात नाही त्याला कोणी वाली नसतो, म्हणून 'देव'चं 'देओ' झालं आणि 'देओ'चं 'डू'. देव गेला, अक्षर राहिलं. देवळाली गावात मात्र हा शब्द कोणी वापरत नाही. तिथे तोफखान्याचं स्कूल आहे, भाज्या आहेत, द्राक्षं आहेत. येरवड्यात राहणाराही "येरवड्याला पाठवा" असं म्हणत नाही. असे शब्द घडतात ते तिथे जाण्याच्या भीतीतून किंवा तिथून कधी सुटतो या घाईतून. गावात नांदणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नसतो.

त्याच येरवड्याचं दुसरं टोक बघा. गांधीजी तिथल्या तुरुंगातल्या पत्रांवर 'येरवडा मंदिर' असा पत्ता घालत, आणि पेटीत घडी होऊन बसणारा चरखा देशभर 'येरवडा चक्र' म्हणून ओळखला गेला. पेटी उघडली की आत दोन चाकं, एक मोठं, एक लहान; मोठं हाताने फिरवायचं, दोरीने लहान पळतं, त्यावरून चाती, म्हणजे सूत पिळणारी सळई. मिटली की काखेत मारून रेल्वेने प्रवास करता येतो. सूत कातणाऱ्या घरात येरवडा हे नाव घेतलं की कोणाच्या मनात वेड येत नव्हतं, पेटी यायची. गाव तेच होतं, नाव मात्र तिथून कोणत्या वाटेने बाहेर पडलं यावर त्याचा अर्थ ठरला.

आता प्रश्न असा, की एखाद्या नावाचा शब्द झाला हे ओळखायचं कसं? रोमन लिपीत सोपं आहे. पहिलं अक्षर मोठं असेल तर गाव, लहान झालं की शब्द. फ्रेंचमध्ये 'लिमोझे' हे क्रियापद लहान अक्षराने लिहितात. अर्थ, पदावरून हटवणे. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू होताच सेनापती जोफ्र यांनी कुचकामी वाटलेले सेनाधिकारी धडाधड बाजूला केले आणि त्यांना आघाडीपासून लांब लिमोज शहराच्या भागात राहायला सांगितलं. प्रत्यक्षात त्यातले सगळे काही लिमोजला गेले नाहीत. शब्द व्हायला तेवढ्याची गरजही नव्हती. आपल्याकडे "गडचिरोलीला टाकतील" ही धमकी सरकारी कचेऱ्यांत चालते, ती याच जातीची. पण 'गडचिरोलणे' असं क्रियापद अजून झालेलं नाही.

देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही. म्हणून अनेकांचा समज असा, की मराठीत ही सीमारेषा दिसतच नाही. माझं मत वेगळं आहे. मराठीत ती दिसते, पण कानाला दिसते. सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना नामाचं जे रूप होतं त्यात.

पुण्यात कोणी वारलं की विचारतात, "वैकुंठला किती वाजता?" नवी पेठेजवळच्या स्मशानभूमीचं नाव वैकुंठ. तुकोबा गेले ते मात्र वैकुंठाला. एका कान्याचा फरक. देवाचं वैकुंठ साधं नाम असल्यासारखं चालतं, प्रत्यय लागताना 'वैकुंठा' होतं. महापालिकेचं वैकुंठ हा पत्ता, तो तसाच्या तसा राहतो आणि प्रत्यय बाहेरून चिकटतो, 'डेक्कनला', 'स्वारगेटला' चिकटतो तसा. शोकसभेत घाईघाईने बोलणारा माणूससुद्धा यात चुकत नाही.

हीच कसोटी पानिपतला लावा. "गेल्या महिन्यात पानिपतला जाऊन आलो" म्हणजे हरियाणातल्या शहराला. "या पानिपताला जबाबदार कोण?" म्हणजे निवडणुकीतल्या, परीक्षेतल्या, धंद्यातल्या सत्यानाशाला. दुसऱ्या वाक्यात 'पानिपतला' म्हणून पाहा, कान लगेच अडखळतो. पानिपताला अनेकवचन चालतं, 'असलं', 'भलतं' अशी विशेषणं चालतात, नपुंसकलिंग तर केव्हाच मिळालंय. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी जे गावाचं नाव होतं, ते आज पूर्ण वाढलेलं सामान्यनाम आहे. कसोटी सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. येरवडा आकारान्त, त्याला 'येरवड्याला' शिवाय गती नाही, मग तुरुंग असो की टोमणा. 'कामाची काशी झाली' मधली काशीही ईकारान्त, रूप बदलत नाही, तिथे संदर्भच बघावा लागतो. आणि खुद्द पुण्याची पंचाईत अशी, की पुणे आणि पुण्य दोघांनाही 'पुण्याला'च होतं. पुणेकरांना त्यात काही गैर वाटत नाही.

पराभवाच्या गावांचे शब्द सगळीकडे होतात, पण प्रत्येक भाषा ते आपापल्या स्वभावाने वापरते. इटालियनांचं कापोरेत्तो, १९१७ चं, म्हणजे धूळधाण. फ्रेंच म्हणतात "ही तर बेरेझिना". १८१२ च्या नोव्हेंबरात रशियातून माघार घेताना नेपोलियनच्या सैन्याला बेलारूसमधली ही नदी ओलांडायची होती. बर्फाच्या पाण्यात छातीपर्यंत उभं राहून पूल बांधणाऱ्यांनी लाकडी पूल उभे केले, नेपोलियन आणि लढणारी फौज पार झाली. मागे राहिलेल्या हजारोंना पूल जाळले गेल्यावर मरण आलं. लष्करी पुस्तकं म्हणतात, नदी ओलांडणं यशस्वी झालं. भाषेने पुस्तकं वाचली नाहीत.

हंगेरियन लोकांचं मोहाच १५२६ चं, म्हणजे पानिपतच्या पहिल्या लढाईच्याच वर्षातलं. ते मात्र नुकसान मोठं करून सांगायला नाही, समजूत घालायला वापरतात. बशी फुटली, बस चुकली, की म्हणायचं, "मोहाचला याहून जास्त गेलं होतं." स्पॅनिश माणूस असंच म्हणतो, "क्युबात याहून जास्त गेलं." त्यांची १८९८ ची जखम. मराठीत असं कोणी म्हणत नाही. आपण फुटक्या बशीचंही पानिपत करतो, पानिपतावरून बशीची समजूत घालत नाही. आपल्याला सांत्वनापेक्षा अतिशयोक्ती जवळची, असं मला वाटतं.

लांबच्या गावांचं प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण त्यात भूगोल जास्त आणि अर्थ कमी. इंग्रजांचं टिंबक्टू, स्पॅनिशांचं कोचिनचायना (व्हिएतनामचा दक्षिण भाग), तुर्कांचं लिबियाच्या वाळवंटातलं फिझान, चिन्यांचं जावा. चिनी माणूस एखादी गोष्ट विसरला की ती 'जावा देशी फेकलेली' असते. रशियन शाळेत वर्गातल्या शेवटच्या बाकांना देशाच्या पूर्व टोकावरचं कामचात्का म्हणतात, हे मात्र सुंदर आहे. मराठीचं लांबचं गाव अटक, सिंधूकाठचं. १७५८ साली मराठे तिथवर पोचले आणि तेव्हापासून कोणाच्याही पोराने परदेशात पदवी मिळवली तरी अटकेपार झेंडा लागतो. बाकीच्यांचं लांबचं गाव म्हणजे वैताग, आपलं म्हणजे मिरवणूक.

या विषयात सगळ्यात जास्त घोळ होतो तो खोट्या व्युत्पत्तींचा. गोष्ट जितकी गोड, तितका संशय घ्यावा. बोंबलाचं इंग्रजी नाव 'बॉम्बे डक' घ्या. म्हणे सुके बोंबील डाकगाडीने जायचे, डब्यात वास सुटायचा, म्हणून 'बॉम्बे डाक'. ऐकायला छान आहे. पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली १६ एप्रिल १८५३ ला, आणि हा शब्द छापील इंग्रजीत त्याच्या कितीतरी आधीपासून सापडतो. गोष्ट तिथेच संपली. म्हणून आधी तारीख बघावी: शब्द पहिल्यांदा कधी छापला गेला आणि गोष्टीतली घटना कधीची. मग उच्चार बघावा. बोंबीलचं इंग्रजीत 'बम्मलो' झालं, ते नियमाला धरून आहे. मग शब्द वाहून नेणारे लोक बघावेत: सोजीर, खलाशी, व्यापारी, त्यांची खरंच ये-जा होती का. डोंगरीचं जाडंभरडं सुती कापड जहाजांतून गेलं, सतराव्या शतकापासून इंग्रजीत 'डंगरी' म्हणून दिसतं आणि शेवटी त्याची खांद्यावर पट्टे असलेली विजार झाली. इथे तारीख, उच्चार, वाहक, तिन्ही जुळतात. आपल्या मोसंबीत मोझांबिक लपलंय, तेही पोर्तुगीजांच्या वाटेने आलं.

ही पद्धत एका ठिकाणी मात्र पार हात टेकते. लंडनच्या पूर्व भागातली यमकाची बोली. तिथे गावाचा आणि अर्थाचा काही संबंधच नसतो. रीत अशी: जो शब्द बोलायचा त्याच्याशी यमक जुळणारी दोन शब्दांची जोडी घ्यायची, आणि मग यमक जुळणारा शब्दच गाळून टाकायचा. केसांना 'हेअर', त्याच्याशी जुळते 'बार्नेट फेअर' ही जत्रा, जत्रा गाळली, उरलं बार्नेट. म्हणजे केस. दातांना 'टीथ', जुळतं 'हॅम्पस्टेड हीथ', उरलं हॅम्पस्टेड. मराठीत करून पाहायचं तर दाताला 'बडोदे-गुजरात' घ्या आणि गुजरात गाळा. "डावीकडचं बडोदं रात्रभर ठणकत होतं." नवशिके इथे चुकतात, ते यमकाचा शब्द ठेवतात आणि दुसरा गाळतात, मग कोणालाही अर्थ लागतो आणि बोलीचा उद्देशच संपतो. या रीतीने आपली खैबर खिंडही इंग्रजीत गेली. तिथला 'पास' ज्या शब्दाशी जुळतो तो इथे लिहीत नाही. माणूस त्यावर बसतो, एवढं पुरे.

आणि पुण्याच्या नावाचा शब्द झाला का? बंगळूरला २००४ च्या सुमारास अमेरिकेत क्रियापदाचा मान मिळाला: नोकरी तिकडे गेली की माणूस 'बॅंगलोर्ड' झाला. हिंजवडीला तो मिळाला नाही. मिळाला असता तर अर्थ नोकरीशी नव्हे, सिग्नलशी निगडित असता. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत लिहिले गेले, खेळाला 'पूना' म्हणतही होते; पण तो इंग्लंडला पोचला आणि ड्यूक ऑफ बोफर्ट यांच्या बॅडमिंटन हाउसचं नाव त्याला कायमचं लागलं. मग राहिला तो 'पूना कर्नल'. लालबुंद चेहरा, पांढऱ्या मिशा, पेन्शनीत इंग्लंडला परतलेला, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "मी पुण्यात असताना" अशी. ब्रिटिश व्यंगचित्रांत त्याने बराच काळ मुक्काम केला. चेष्टा त्याची होती, शहराची नव्हती, पण नाव शहराचं खर्ची पडलं.

त्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, इंग्लंडातल्या मध्यमवर्गीय मुली घरी 'पूना पेंटिंग' शिकत. हिंदुस्थानी वळणाचं काम म्हणून हे नाव. तेल पाजून कडक केलेल्या कागदाचे साचे कापायचे, जाड पांढऱ्या कागदावर किंवा मखमलीवर ठेवायचे आणि आखूड, ताठ, सपाट कापलेल्या ब्रशाने रंग ठोकत जायचं. एका गुलाबाला एक साचा पुरत नाही. शेजारच्या दोन पाकळ्या एकाच साच्यात कापल्या तर मधली पट्टी फाटते, म्हणून एकाआड एक पाकळी एका साच्यावर, उरलेल्या दुसऱ्यावर, पानं तिसऱ्यावर, आणि कोपऱ्यातल्या खुणा जुळवून एकेक साचा बसवायचा. रंग कडेपासून आत गोल फिरवत आणायचा, म्हणजे कड गडद आणि मधोमध उजेड. ब्रश जवळजवळ कोरडा हवा, आधी चिंधीवर टेकवून घेतलेला. रंग जरा जरी ओला राहिला तर तो साच्याच्या कडेखाली झिरपतो, पाकळी फुगते, आणि मखमलीवरचा डाग निघत नाही.